आफ्रिकाकेंद्री शाळा आणि आफ्रिकेचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात गेली पन्नासेक वर्षं एक वाद अधूनमधून पेट घेतो. कृष्णवर्णीय मुलांसाठी आफ्रिकेला मध्यभागी ठेवणाऱ्या शाळा असाव्यात का, आणि आफ्रिकेचा इतिहास शिकवायचा तर नेमका कोणता? मराठीत या वादाच्या बातम्या तुकड्यातुकड्यांनी येतात, त्यामुळे वाचकांचे प्रश्नही बरेचसे सारखेच असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा शाळा हव्यात का हा एक प्रश्न आहे आणि तिथे शिकवलेलं खरं आहे का हा दुसरा. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने त्यांची गल्लत करतात.

आफ्रिकाकेंद्री शिक्षण म्हणजे नेमकं काय?

या विचाराला आजचं रूप दिलं ते अमेरिकी अभ्यासक मोलेफी केटे असांटे यांनी, 1980 मध्ये. पुढे 1988 मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम त्यांनीच सुरू केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेच्या पुस्तकात आफ्रिकी वंशाचा माणूस दिसतो तो कुणीतरी त्याच्यावर काहीतरी केल्यावरच. त्याला पकडलं, विकलं, मुक्त केलं, मतदानाचा हक्क दिला. वाक्यातला कर्ता सदैव दुसराच. ही मांडणी बदलली पाहिजे.

वर्गात याचा अर्थ काय होतो? गुलामगिरीचा धडा जहाजापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो पश्चिम आफ्रिकेतल्या गावांपासून: तिथले लोहार, विणकर, भातशेती करणारे. दक्षिण कॅरोलायनातल्या भातशेतीत या लोकांचं कसब किती कामी आलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. ते भांडण मुलांसमोर मांडणं हाच माझ्या मते उत्तम धडा आहे.

एक फरक लक्षात ठेवा. आफ्रिकेचा इतिहास हा एक विषय म्हणून शिकवणं वेगळं, आणि गणितापासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत सगळी शाळाच त्या दृष्टीने बांधणं वेगळं.

हे सगळं 1960 नंतरच्या आंदोलनांतून आलं का?

त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कार्टर वुडसन हे गुलामगिरीत जन्मलेल्या आई-वडिलांचे पुत्र. काही काळ कोळशाच्या खाणीत काम केलं आणि 1912 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. 1915 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी संस्था काढली आणि 1926 मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा या इतिहासासाठी ठरवला, कारण लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिन त्या आठवड्यात पाळले जात. आजचा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ त्यातूनच वाढला. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याची अधिकृत दखल घेतली. आपल्या शिकलेल्या माणसालाच स्वतःच्या समाजाची लाज वाटू लागते, तेव्हा त्याचं शिक्षण चुकलेलं असतं, असं वुडसन 1933 मध्ये लिहून गेले.

1960 च्या दशकात मात्र वेग आला. 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत स्वयंसेवकांनी ‘फ्रीडम स्कूल’ चालवल्या. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळांचा ताबा वस्तीतल्या पालकांकडे असावा की शिक्षक संघटनेचं चालावं यावरून शिक्षकांचा शहरभर संप झाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनीही संप पुकारला. तो सुमारे पाच महिने चालला आणि त्यातून कृष्णवर्णीय अभ्यासाचा विभाग मिळाला. 1972 मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय शाळांनी आपली परिषद स्थापन केली.

वेगळ्या शाळा बंद व्हाव्यात म्हणून एवढा लढा दिला, मग पुन्हा वेगळ्या शाळा कशासाठी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

1954 च्या ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकाल योग्यच होता. पण अंमलबजावणी कशी झाली पाहा: दक्षिणेत बंद पडल्या त्या बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापक घरी बसले. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. त्यांना ओळखणारे, त्यांच्या घरची परिस्थिती माहीत असलेले, त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवणारे शिक्षक मात्र सोबत गेले नाहीत. वेगळ्या शाळांची मागणी करणाऱ्यांच्या मनात ही जखम असते.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1935 मध्येच हा प्रश्न विचारला होता: कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळा हव्यात का? त्यांचं उत्तर असं की वेगळी शाळा किंवा एकत्र शाळा हे काही आपलं मागणं नाही, आपल्याला शिक्षण हवं आहे. ज्या शाळेत मुलाचा अपमान होतो ती एकत्र असून उपयोग काय, असा त्यांचा रोख होता. आयुष्यभर एकीकरणासाठी झगडलेल्या माणसाने हे लिहिल्यामुळे तेव्हा मोठा गदारोळ झाला.

कायद्याने लादलेली वेगळी शाळा आणि पालकांनी मागून घेतलेली, सर्वांना खुली असलेली शाळा, या दोन गोष्टींना एकाच नावाने हाक मारणं मला पटत नाही. पण ‘सर्वांना खुली’ ही अट सोडता येत नाही. 1991 मध्ये डेट्रॉइटने कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी तीन अकादमी ठरवल्या. नावं होती माल्कम एक्स, मार्कस गार्वी आणि पॉल रोबसन यांची. सरकारी पैशाच्या या शाळांत मुलींना प्रवेश नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी केवळ मुलग्यांना प्रवेश देण्यास मनाई केली, आणि शाळा मुलींना घेऊन उघडल्या. मुलगे अधिक संख्येने शाळा सोडतात म्हणून मुलींना बाहेर ठेवायचं, यात तर्क कुठे होता हे मला अजूनही समजलेलं नाही.

टोरोंटोच्या शाळेची एवढी चर्चा का झाली?

कारण तिथे हा वाद सगळ्या बाजूंनी उघड्यावर झाला, आणि ‘कॅनडात वर्णभेद नव्हता’ हा समजही त्यात मोडला.

ऑन्टारिओ प्रांतात 1850 च्या शाळा कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळांची तरतूद केली होती. ती तरतूद शंभराहून अधिक वर्षं कायद्यात पडून होती. प्रांताच्या विधिमंडळातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य लिओनार्ड ब्रेथवेट यांनी 1964 मध्ये सभागृहात हा विषय काढला, तेव्हा ती हटली. शेवटची वेगळी शाळा 1965 मध्ये बंद झाली.

1994 मध्ये प्रांताच्या शिक्षणविषयक रॉयल कमिशनने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काही प्रायोगिक शाळा काढून पाहाव्यात, असं सुचवलं. अहवाल बाजूला पडला. पुढे टोरोंटोतली सुमारे 40 टक्के कृष्णवर्णीय मुलं शिक्षण अर्धवट सोडतात हा आकडा चर्चेत आला आणि पालकांनी पुन्हा मागणी लावून धरली. 29 जानेवारी 2008 च्या रात्री शाळा मंडळाने 11 विरुद्ध 9 मतांनी मंजुरी दिली. प्रांताचे प्रमुख डाल्टन मॅकगिंटी यांना ही कल्पना पसंत नव्हती. वर्तमानपत्रांत ‘पुन्हा वर्णभेद’ असे मथळे झळकले. आश्चर्य म्हणजे, शाळेवर सर्वांत तीव्र टीका करणाऱ्यांत वयस्क कृष्णवर्णीय माणसंही होती. ज्या दारातून बाहेर पडायला आम्ही आयुष्य घालवलं त्यात तुम्ही परत कसे शिरता, हा त्यांचा सवाल होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

समर्थकांचं उत्तर असं: याच प्रांतात कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात. याच मंडळाकडे आदिवासी मुलांसाठी शाळा आहे, समलिंगी विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग आहे. तेव्हा कुणालाच फाळणी आठवली नाही, मग आत्ताच कशी आठवली? या मुद्द्याला समाधानकारक उत्तर दिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

सप्टेंबर 2009 मध्ये नॉर्थ यॉर्कमधल्या शेपर्ड पब्लिक स्कूलच्या इमारतीत, तिथल्या जुन्या शाळेशेजारीच, ही शाळा उघडली. प्रवेश कोणत्याही वंशाच्या मुलाला. सुरुवातीच्या प्रांतिक चाचण्यांत मुलांची कामगिरी चांगली झाली आणि टीकाकार काही काळ गप्प झाले. नंतर पट घसरत गेला. लांबून बसने येणारी लहान मुलं, अर्धी वाटून घेतलेली इमारत, पुढच्या इयत्तांची अनिश्चितता: कोणत्याही छोट्या शाळेला नडतात तीच कारणं. पण बातम्यांत मात्र ‘आफ्रिकाकेंद्री प्रयोग फसला’ असं छापलं गेलं. गणिताचा पट घसरल्यावर कुणी गणित फसलं म्हणत नाही.

अशा शाळेत दिवसभर चालतं तरी काय?

बाहेरून वाटतं त्यापेक्षा ओळखीचं. शिकागोतल्या बेटी शाबाझ शाळेसारख्या ठिकाणी दिवस सामूहिक मेळाव्याने सुरू होतो: ढोल, घोषणा, पूर्वजांचं स्मरण. शिक्षकांना नावाआधी ‘मामा’ किंवा ‘बाबा’ लावून हाक मारतात (आईला ‘मामा’, वडिलांना ‘बाबा’, आपल्याकडचे मामा वेगळे). क्वांझा या 1966 मध्ये सुरू झालेल्या सणाची सात तत्त्वं भिंतीवर असतात, स्वाहिलीचे काही शब्द येतात. बाकी वाचन, लेखन, पाढे आणि राज्याच्या परीक्षा. या शाळांची शिस्त बहुतेक वेळा नेहमीच्या सरकारी शाळेपेक्षा कडक असते. ‘मुलांना मोकळं सोडतात’ ही समजूत कुठून आली कोण जाणे.

प्राचीन इजिप्तचे लोक कृष्णवर्णीय होते का?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त शाई खर्च झाली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी हाती लागलं आहे.

सेनेगलचे इतिहासकार शेख अंता दिओप यांनी आयुष्यभर ही बाजू लढवली. 1974 मध्ये युनेस्कोने कैरोत तज्ज्ञांना एकत्र बसवलं. दिओप आणि काँगोचे थिओफिल ओबेंगा जय्यत तयारीने आले होते, पण परिषदेत एकमत झालं नाही. 2017 मध्ये अबुसिर अल-मलेक इथल्या ममींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या लोकांचं नातं पश्चिम आशियाशी जवळचं दिसलं आणि सहाराच्या दक्षिणेकडचा वाटा आजच्या इजिप्शियन लोकांपेक्षा कमी. मात्र ती एकाच ठिकाणची, बहुतांशी उत्तरकाळातली माणसं. त्यावरून तीन हजार वर्षांच्या आणि हजारभर किलोमीटर पसरलेल्या नदीखोऱ्याचा रंग ठरवता येत नाही.

जे निश्चित आहे ते असं. इजिप्त आफ्रिकेत आहे आणि त्याची मुळं नाईलच्या खोऱ्यातच आहेत. उत्तरेला भूमध्य समुद्राकडे आणि दक्षिणेला नुबियाकडे माणसांची ये-जा अखंड होती. पंचविसावं राजघराणं आजच्या सुदानमधल्या कुश राज्यातून आलं: पिये, तहारका ही त्यातली नावं. दुसरीकडे क्लिओपात्रा मॅसिडोनियन ग्रीक घराण्यातली होती. ‘काळे’ आणि ‘गोरे’ ही अमेरिकेतली विभागणी अटलांटिक गुलामव्यापाराने पक्की केली. ती मागे नेऊन फेरोंच्या दरबारात बसवायची, तर ती बसत नाही. शिवाय आजच्या इजिप्तच्या लोकांचंही काही म्हणणं असतं. आपल्या पूर्वजांवर अमेरिकेतले दोन गट मालकी सांगतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही, ही त्यांची चीड मला पूर्ण समजते.

खरी गंमत अशी की इजिप्तच्या या भांडणात कुश मागे राहतो. मेरोएचे पिरॅमिड, तिथला लोखंडाचा उद्योग, राज्य करणाऱ्या राण्या. वाद नको असलेल्या शिक्षकाने सरळ सुदानला जावं.

ग्रीकांनी तत्त्वज्ञान आफ्रिकेतून चोरलं, हे खरं आहे का?

नाही. जॉर्ज जेम्स यांनी 1954 मध्ये हा आरोप पुस्तकभर केला. त्यात अ‍ॅरिस्टॉटलने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातून ज्ञान लुटल्याचं सांगितलं आहे. अ‍ॅरिस्टॉटल इसवी सनपूर्व 322 मध्ये वारला आणि ग्रंथालय उभं राहिलं ते त्यानंतर, टॉलेमींच्या काळात. वेलस्ली कॉलेजच्या मेरी लेफकोविट्झ यांनी 1990 च्या दशकात नेमकं हेच दाखवलं आणि त्यावरून त्यांना बराच त्रासही सोसावा लागला. ग्रीकांनी इजिप्तकडून काहीतरी घेतलं हे मात्र ग्रीक लेखक स्वतःच सांगतात. किती घेतलं, यावर मार्टिन बर्नल यांच्या 1987 च्या ग्रंथापासून गंभीर चर्चा झाली, आणि तिला या चोरीच्या कथेशी जोडणं अन्यायाचं आहे.

ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या शाळा मंडळाने 1980 च्या दशकात शिक्षकांसाठी निबंधमालिका तयार करून घेतली. विज्ञानाच्या निबंधात प्राचीन इजिप्तमध्ये ग्लायडर उडत असल्याचं लिहिलं होतं. आधार काय, तर सक्कारा इथे सापडलेला एक लाकडी पक्षी. हे निबंध दुसऱ्या शहरांतही पोचले. प्राचीन काळी विमानं होती हे ऐकायची सवय असलेल्या मराठी वाचकाला यावर वेगळं भाष्य नको. वाईट एवढंच की ज्या मुलाला हे शिकवलं, त्याला कॉलेजात कुणीतरी हसून खोडून काढणार, आणि तेव्हा त्याचा वुडसनवरचाही विश्वास उडणार.

मग शिकवण्यासारखं खरं काय आहे?

भरपूर आहे. आजच्या झिंबाब्वे देशातल्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराच्या अवशेषांचंच घ्या. चुन्याशिवाय रचलेल्या या दगडी भिंती अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननातून सांगितलं की हे बांधणारे स्थानिक आफ्रिकीच होते. तरीही फिनिशियन आले, शेबाची राणी आली, अशा कथा चालत राहिल्या. ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारने तर मार्गदर्शक पुस्तिकांतून आफ्रिकी मूळ ठामपणे सांगू नये म्हणून दडपण आणलं, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने 1970 मध्ये देश सोडला. तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आणि भारतातून गेलेले काचमणीही. इतिहास कुणी, कशासाठी दाबला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

मालीचा मन्सा मुसा 1324 मध्ये हजला निघाला, तेव्हा कैरोत त्याने इतकं सोनं वाटलं की बारा वर्षांनीही तिथला भाव सावरला नव्हता, असं अल-उमरी हा त्या काळचा अरब लेखक नोंदवतो. अक्सुमची नाणी, टिंबक्टूची हस्तलिखितं, किल्वाचा समुद्री व्यापार, 1897 मध्ये ब्रिटिशांनी लुटून नेलेली बेनिनची शिल्पं. 1963 मध्ये ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर म्हणाले होते की आफ्रिकेत युरोपीयांचा इतिहास तेवढा आहे, बाकी अंधार. त्याच्या पुढच्याच वर्षी युनेस्कोने आफ्रिकेच्या इतिहासाचा प्रकल्प हाती घेतला. आठ जाडजूड खंड झाले, लिहिणारे बरेचसे आफ्रिकी.

माझी एक तक्रार आहे. राजे, सोनं आणि पिरॅमिड एवढंच दाखवलं की मोजपट्टी युरोपचीच राहते. ज्या समाजांनी राजा ठेवलाच नाही, उदाहरणार्थ इग्बोंची गावं, त्यांनी निर्णय कसे घेतले हेही यायला हवं. आणि दाहोमे, असांटे या पश्चिम आफ्रिकेतल्या राज्यांनी माणसं विकली हेही. सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत चढवली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. एवढ्या मोठ्या व्यापारात किनाऱ्यावरचे विक्रेते होते हे सांगितल्याने मागणी करणाऱ्याचा आणि मळेवाल्याचा दोष तसूभरही कमी होत नाही.

मुलांचे गुण सुधारतात का?

संपूर्ण आफ्रिकाकेंद्री शाळांबद्दल ठाम सांगणं अवघड, कारण शाळा थोड्या आणि तिथे जाणाऱ्या मुलांचे पालक मुळातच जागरूक. जवळपासचे पुरावे मात्र आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत नववीच्या कमी गुणांच्या मुलांना वांशिक समाजांच्या अभ्यासाचा वर्ग दिला, तेव्हा त्यांची हजेरी 21 टक्के-अंकांनी वाढल्याचं 2017 च्या अभ्यासात दिसलं. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर नंतर आक्षेपही घेतले गेले. नॉर्थ कॅरोलायनात अतिशय गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलग्यांना तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर शाळा सोडण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. अभ्यासक्रम तोच होता, समोर उभा राहणारा माणूस बदलला.

फ्लोरिडात नेमकं काय झालं?

अमेरिकेत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी कॉलेज पातळीचा आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासक्रम 2022 मध्ये साठेक शाळांत चाचणीसाठी सुरू झाला. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडाने तो नाकारला. त्याच जुलैत राज्याच्या नव्या निकषांत गुलामांनी अशी काही कौशल्यं आत्मसात केली जी कधी कधी त्यांच्या फायद्याची ठरली, असा उल्लेख आला आणि देशभर संताप उसळला. पोर्टलंडच्या ग्लायडरवर हसणारे अनेक जण या वाक्यावर मात्र शांत होते.

महाराष्ट्राचा यात काही संबंध आहे का?

आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन.

आणि मलिक अंबर आहेच. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, त्याने वसवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आपण त्याची जमीन महसूल पद्धत पाठ करतो, पण त्याच्याकडे आफ्रिकेचा माणूस म्हणून क्वचितच पाहतो. जंजिऱ्याच्या सिद्दींचं तर नाव आपण फक्त शत्रू म्हणून घेतो.

परदेशातल्या मराठी पालकांनी काय भूमिका घ्यावी?

कॅलिफोर्नियात 2005-06 मध्ये सहावीच्या पुस्तकांवरून मोठा वाद झाला. काही हिंदू संघटनांना प्राचीन भारताच्या धड्यांत बदल हवे होते: जाती, स्त्रियांचं स्थान, आर्यांचं आगमन. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या, भारताबद्दलची पुस्तकातली वाक्यं खरोखर गचाळ होती. काही मागण्या मात्र नको असलेला इतिहास पुसण्याच्या होत्या आणि त्याला दलित संघटनांनी व अनेक अभ्यासकांनी विरोध केला. 2016 मध्ये हेच पुन्हा घडलं.

तेव्हा टोरोंटोत किंवा न्यू जर्सीत शाळेच्या सभेला बसाल आणि एखादी कृष्णवर्णीय आई म्हणेल की माझ्या मुलाच्या पुस्तकात आमचं काहीच नाही, तर तिच्या बाजूने हात वर करायला हरकत नसावी. पुस्तक तयार झाल्यावर त्यातलं प्रत्येक विधान कशावरून, हे विचारायचं, आणि आपल्या मुलांच्या भारताच्या धड्यालाही तेच विचारायचं.